बडीशेपेच्या गोळ्यांना आलेला काटा

"हे कोणी केलं?" आईंनी विचारलं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. कारखान्यातून येऊन मी कोटसुद्धा न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसकण मारली होती. सातवा महिना होता, पाय सुजून बुटात मावत नव्हते. हातातली कागदी पिशवी मी टेबलावर टाकली होती. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, ती उघडून आतली एक पांढरी गोळी दिव्याखाली धरली होती.

मी दचकलेच. वाईहून इंग्लंडला येऊन त्यांना सहा महिने होत आले होते आणि एवढ्या दिवसांत त्यांनी आपण होऊन कशाची चौकशी केल्याचं मला आठवत नव्हतं. सकाळी अंघोळ, मग स्वयंपाक, मग खिडकीपाशी खुर्ची. समोरच्या घरांच्या धुराड्यांकडे बघत बसायच्या. काय बघता विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही."

"कोणी म्हणजे काय, कारखान्यात झालं," मी म्हणाले. "बिघडलेला माल आहे तो. शुक्रवारी आम्हाला स्वस्तात देतात."

"बिघडलेला?" त्यांनी गोळी जिभेवर फिरवली, परत काढून उजेडात धरली. "अगं, हा हलवा आहे. काटा बघ की कसा फुललाय!"

मी वाकून पाहिलं आणि मला हसूच आलं. खरंच हलवा होता तो. संक्रांत चार दिवसांवर आलेली, आणि यॉर्कशरमधल्या एका लोकरगिरण्यांच्या गावात माझ्या टेबलावर पिशवीभर काटेरी हलवा. दिवसभर त्याच मालाच्या पिशव्या भरत होते मी, पण फोरमन त्याला 'कचरा' म्हणत होता म्हणून मलाही कचराच दिसला होता.

मी काम करत होते तो पिकर्सगिलचा कारखाना त्या भागात जुना. कुणा हॅना पिकर्सगिल नावाच्या विधवेने शंभर वर्षांपूर्वी तळघरातल्या चुलीवर खोकल्याच्या गोळ्या करून खिडकीतून विकायला सुरुवात केली. गिरणीतल्या बायकांचे घसे लोकरीच्या धुळीने धरलेले असत, त्यामुळे गोळ्यांना मरण नव्हतं. पुढे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे पेपरमिंटचे हम्बग आले, नासपतीच्या स्वादाचे पेअर ड्रॉप्स आले, हातोडीने फोडून विकायची काकवीची टॉफी आली. बाईंचं चित्र अजून प्रत्येक डब्यावर असे. गोड खाण्याशी आयुष्यात कधी संबंध आला नसावा असा चेहरा. पण कारखान्याचं खरं नाव होतं ते बडीशेपेच्या गोळ्यांसाठी. आत बडीशेपेचा एक दाणा, त्यावर पाकाचे हात चढवत चढवत केलेली गोटीएवढी गोळी, आणि शेवटी तिला लालभडक रंग. गोळी आरशासारखी गुळगुळीत हवी. फिरत्या तांब्याच्या कढईत दिवसचे दिवस ते काम चाले, आणि ते करणारा माणूस होता हॅरल्ड.

तो साठीचा होता. तिथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारत, त्यामुळे मीसुद्धा त्याला हॅरल्ड म्हणायला आणि मनात 'तो' म्हणायला सरावले होते. त्याच्या हातची गोळी इतकी तुकतुकीत असे की पॅकिंगमधल्या पोरी तिच्यात बघून लिपस्टिक लावतो म्हणायच्या. त्याच हॅरल्डचा आख्खा घाणा बुधवारी काटेरी निघाला होता. रंग चढवायच्या आधीच फोरमन क्रॉस्लीने कढई थांबवली, मूठभर गोळ्या काढून त्याच्या नाकासमोर धरल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे काय, साळिंदराची पिल्लं?" त्या एवढ्या मोठ्या खोलीत कुणी हसलं नाही. त्याची बायको एडना नोव्हेंबरात गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्रॉस्लीने त्याला आठवडाभर घरी बसायला सांगितलं.

हे सगळं मी आईंना थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकलं, पिशवीतल्या गोळ्या ताटलीत ओतल्या, बोटांनी पसरल्या.

"मला त्यांच्याकडे ने," त्या म्हणाल्या.

"कुणाकडे?"

"ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे." हॅरल्डला न पाहताच त्यांनी त्याला अहोजाहो सुरू केलं होतं.

एरवी मी म्हटलं असतं, कशाला उगाच. पण मला आईंकडून काहीतरी हवं होतं, आणि ते मागायची माझी छाती होत नव्हती.

झालं होतं असं. आईंना परत जायचं होतं. सासरे गेल्यावर दिनकर, माझा नवरा, त्यांना इकडे घेऊन आला. पहिले एकदोन महिने त्या निमूट होत्या. पण मला दिवस राहिल्याचं सांगितलं आणि त्यांनी धोशाच लावला. मला वाईला पोचव, धाकट्या दिरांकडे राहीन मी. दिनकरने परोपरीने समजावलं, मग हात टेकले. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं विमान ठरलं. माझे दिवस मार्चअखेर भरणार होते.

माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली. बहीण नाही. त्या गावात आमच्या भाषेचं दुसरं घर नव्हतं. हॉस्पिटलमधल्या नर्सेस भल्या होत्या, पण कळा सुरू झाल्यावर 'आई गं' म्हटलं तर ते कुणाला कळणार, या विचाराने मला झोप लागत नसे. मला त्या हव्या होत्या. त्या मात्र माझ्या पोटाकडे बघायच्याही नाहीत. मी समोर आले की नजर भिंतीवर. लोणच्याची फोड मागितली तर ताटात टाकायच्या, पण कधी 'काय खावंसं वाटतंय' म्हणून विचारलं नाही. मी त्यांना आवडत नाही, एवढाच अर्थ मी लावला होता. जी आपल्याकडे बघत नाही तिला 'माझ्यासाठी थांबा' कसं म्हणायचं? दिनकरला म्हटलं तर तो म्हणाला, "तूच विचार ना, बायकाबायकांचं असतं ते." पुरुषांना कधी कधी फारच सोपं वाटतं सगळं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी हॅरल्डच्या घरी गेलो. दोन गल्ल्या पलीकडे, तसंच विटांचं घर. आईंनी माझा जुना कोट घातला होता, खाली नऊवारीचा काठ, पायात दिनकरचे लोकरी मोजे. हातात रुमालात बांधलेल्या त्या गोळ्या. दार उघडून हॅरल्डने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशी आहेस पोरी?" तो म्हणाला. त्याची बोली पक्की तिथली, मला सुरुवातीला निम्मीच कळायची. पण सूर आपल्याकडच्या गावातल्या म्हाताऱ्यांचाच.

"या माझ्या सासूबाई. त्यांना तुला भेटायचं होतं."

त्याने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर दोनतीन दिवसांच्या कपबशा पडलेल्या. खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून त्याने आईंना बसायला दिलं. आईंनी रुमाल सोडला. पांढऱ्या काटेरी गोळ्या टेबलावर पसरल्या, तसा हॅरल्डचा चेहरा बदलला.

"क्रॉस्लीने पाठवलंय का तुम्हाला?"

"नाही रे. यांना म्हणायचंय की..."

"थट्टा करायची तर मी कामावर आलो की कारखान्यात कर. माझ्या घरात नको."

"काय म्हणतायत?" आईंनी विचारलं.

"त्यांना वाटतंय आपण त्यांची थट्टा करायला आलोय."

"वेडे आहेत का? त्यांना सांग, चाळीस वर्षं मी हलवा करतेय. आख्ख्या गावातल्या सुना माझ्याकडून दागिने करून न्यायच्या. पण असा काटा मला एकदाच साधला. त्यांना विचार, कसा आणला."

मी सांगितलं. आमच्याकडे संक्रांतीला असंच काहीतरी करतात, नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला त्याचे दागिने घालतात, आणि जितका काटा जास्त तितका हात चांगला मानतात. हॅरल्ड ऐकत होता, पण विश्वास बसत नव्हता. त्याने एकवार माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मी हसतेय का ते.

"गुळगुळीत नको?"

"नको. गुळगुळीत झाला तर टाकून देतात."

आता आईंना राहवेना. त्यांनी समोरची ताटली पुढे ओढली, त्यात गोळ्या घेतल्या आणि पाची बोटांच्या टोकांनी हलके हलके गोल फिरवू लागल्या. मधेच डाव्या हाताने पळी धरल्यासारखं करून एक थेंब सोडला. परत बोटं. परत थेंब. शेगडीवरची परात समोर असल्यासारख्या त्या बोटं मधूनच पटकन मागे घेत होत्या. चटका बसला की घेतात तशी.

हॅरल्ड पुढे वाकला.

"माझे आजोबा हातानेच करायचे," तो म्हणाला. "कढई फिरायला लागली ती नंतर. त्यांची कढई साखळीने टांगलेली असायची, खाली कोळसे. हे असंच." त्याने आपली बोटं आईंच्या बोटांशेजारी ताटलीत घातली आणि फिरवली. "त्यांच्याही गोळ्या खडबडीत व्हायच्या. मी लहान असताना बारशाला वाटायचे आमच्याकडे, दारात आलेल्यांना. मग यंत्रं आली. लोकांना चकचकीत हवं झालं."

मी हे आईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. हे असंच असणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं असा त्यांचा आविर्भाव होता.

"पण तुम्ही आत्ता कसा आणला?" त्यांनी सरळ हॅरल्डलाच मराठीत विचारलं. मी इंग्रजीत विचारलं.

त्याने ताटलीतून हात काढून घेतला. बोटांना लागलेली साखर तो चोळत राहिला. मला वाटलं, उठून जावं आपण.

"पाक पळी भरून घालायचा असतो," शेवटी तो म्हणाला. "भराभरा घातला की थर सारखा बसतो. मला ते येत नाही असं नाही. पस्तीस वर्षं करतोय." मग त्याने खिडकीकडे तोंड केलं. "घाणा संपला की घरी जावं लागतं. म्हणून मी थेंब थेंब घालत राहिलो. नुसता उभा. थेंब टाकायचा, वाळू द्यायचा. संपू नये म्हणून."

हे सांगताना मला दोनदा थांबावं लागलं. आईंना मी 'संपू नये म्हणून' असंच सांगितलं. त्या ताटलीकडे बघत होत्या.

"त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "माझंही तसंच झालं होतं."

मी सांगितलं.

"त्यांना सांग, मला आधी मुलगी झाली होती."

मी आईंकडे बघत राहिले. दिनकर एकुलता एक. त्याच्या आधी कुणी होतं हे त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. त्यालाही माहीत नसावं.

"सांग की," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, बाजाराची यादी सांगतात तसा.

"मला मुलगी झाली होती," मी इंग्रजीत म्हणाले. हॅरल्ड गोंधळून माझ्याकडे, माझ्या पोटाकडे बघायला लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी आईंकडे बोट केलं. "यांना. यांना झाली होती."

"पाच महिन्यांची होती. पहिली संक्रांत तिची. बोरनहाणाचे दागिने करायला मी हलवा घातला होता. तिला ताप भरला. मी तिच्यापाशी बसले होते तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, तू हलव्याचं बघ, पोरीचं आम्ही बघतो. मी बाहेर सोप्यात येऊन परातीपाशी बसले."

एकेक वाक्य त्या बोलत, थांबत, आणि मी ते दुसऱ्या भाषेत घालून हॅरल्डपुढे ठेवत होते. मधे मला रडू फुटलं असतं तर आईंचं बोलणं हॅरल्डपर्यंत पोचलं नसतं, म्हणून मी रडलेही नाही. शब्द शोधत राहिले. 'सोपा' काय, 'परात' काय, हे इंग्रजीत सांगायचं तरी कसं, तेवढ्यावरच मन धरून बसले.

"आत काय चाललंय ते ऐकू येत होतं. मग ऐकू येईना. हात थांबवला असता तर कुणीतरी येऊन मला सांगितलं असतं. म्हणून मी थांबवला नाही. थेंब टाकायचा, फिरवायचा. कोळसे विझत आले तरी मी फिरवत होते." त्यांनी एक गोळी उचलली. "असाच काटा आला होता. बायका अजून त्या हलव्याचं नाव काढतात. किती छान झाला होता म्हणतात."

हॅरल्डने हलकेच "हो" म्हटलं, एवढंच.

"तेव्हापासून कुणा दुसऱ्या बाळंतिणीच्या खोलीत मी पाय टाकला नाही. दिनकर झाला तर त्याला न्हाऊमाखू जाऊबाईंनी घातलं. मी लांबून बघायची. माझा हात लागला तर काय होईल सांगता येत नाही." मग त्या थांबल्या, आणि माझ्याकडे न बघता, मी तिथे नाहीच अशा थाटात म्हणाल्या, "त्यांना सांग, ही पोरगी आता भरत आलीय. माझी मुलगी असती तर एवढीच असती, थोडी मोठी. म्हणून मला इथून जायचंय. हिला काही झालं तर मला ते बघवणार नाही."

हे मी सांगितलं का? सांगितलं. पन्नासच्यावर वर्षं झाली त्याला, पण ते इंग्रजी वाक्य मला अजून शब्दन्‌शब्द आठवतं. 'ही पोरगी' म्हणजे मी. ज्या बाईंना मी आवडत नाही असं मी सहा महिने धरून चालले होते, त्या माझ्या जिवासाठी इतक्या भीत होत्या की माझ्याकडे बघतही नव्हत्या. आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही, दिनकरला सांगितलं नाही. कढई जपत उभ्या राहिलेल्या एका परक्या म्हाताऱ्याला सांगितलं, तेही माझ्याच तोंडून.

मला त्यांचा हात धरावासा वाटला. आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी टेबलाची कड धरली.

हॅरल्ड उठला. खिशातून रुमाल काढून त्याने जोरात नाक शिंकरलं. मग किटली भरली, गॅस पेटवला, तीन कप शोधून विसळले. पाण्याचा आवाज बरा वाटत होता. चहा ओतून त्याने दुधाची बाटली पुढे ठेवली, साखरेचं भांडं हातात घेतलं आणि आईंच्या कपाकडे चमचा दाखवून मला विचारलं, "शुगर?"

मी आईंकडे वळले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हॅरल्ड काय म्हणाला ते ऐकायला. सहा महिन्यांत अशा सरळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

"ते विचारतायत," मी म्हणाले, "सुनेच्या बाळंतपणाला तुम्ही थांबणार का."

आईंनी कप जवळ ओढला.

"एवढं लांबलचक नाही बोलले ते," त्या म्हणाल्या. "'शुगर' म्हणाले. तेवढं कळतं मला."

खाली बघत मी टेबलावरच्या गोळ्या उगाच एका बाजूला करायला लागले. हॅरल्ड चमचा धरून ताटकळत होता. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. चहा निवत चालला होता.

"दोन चमचे सांग त्यांना," आई म्हणाल्या. "आणि तू विचारलंस, त्याला हो."